स्फिंक्सच्या हाती काठी कुणी दिली?

अमेरिकेविषयी बोलणाऱ्यांच्या आपल्याकडे दोन जाती आहेत. एकीला तिथले सारेच सोन्याचे दिसते, दुसरीला सारेच पोरकट. एरवी या दोन जातींचे आपापसांत मुळीच पटत नाही. पण तिथल्या कॉलेजांतल्या बंधुमंडळांचा, म्हणजे ‘फ्रॅटर्निटी’चा, विषय निघाला आणि त्यातही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या मंडळांचे नाव निघाले, की दोघींचे चटकन एकमत होते. पहिली म्हणते, गोऱ्यांचा थाट खरा. काळ्यांनी केली ती नक्कल. दुसरी म्हणते, छातीवर तीन ग्रीक अक्षरे लावून का कुठे माणूस भाऊ होतो? पोरखेळ झाला! दोघी मान हलवतात आणि चहाचा पुढचा घोट घेतात.

हा लेख या दोन्ही जातींविरुद्ध आहे. परंतु एका तिसऱ्या जातीविरुद्ध तो त्याहून अधिक आहे. ही तिसरी जात बंधुमंडळाच्या आत बसलेली आहे. तिच्या तोंडी बंधुत्व आहे आणि हातात काठी आहे. तिच्याकडे मी शेवटी वळणार आहे. कारण बाहेरच्या टवाळांनी कोणत्याही संस्थेचे जे नुकसान होते, त्याच्या दसपट नुकसान आतले भक्त करतात.

दिवाळीच्या अंकात, चकलीच्या ताटाशेजारी, हा परका विषय कशाला, असे कोणी विचारील. परका तो आता राहिलेला नाही. सांगली-साताऱ्याच्या आणि अकोला-अमरावतीच्या घरांतली मुले आज अमेरिकेतल्या विद्यापीठांत शिकायला जातात. त्यांच्या आईबापांना तिथल्या फीचा आकडा पाठ असतो, थंडी किती पडते तेही ठाऊक असते. पण मुलाला एका संध्याकाळी कोणी ‘आमचा भाऊ होतोस का?’ असे विचारील, त्याचा अर्थ काय, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. मी कॉलेजची पायरी न चढलेला मास्तर. म्हणूनच कदाचित, बंद दाराकडे बाहेरून पाहणे म्हणजे काय असते, ते मला थोडेफार कळते.

आधी मुळापासून सांगतो. कॉलेजातले काही विद्यार्थी एकत्र येतात, दोन-तीन ग्रीक अक्षरांचे नाव घेतात, नव्या उमेदवाराला पारखतात, शपथ देऊन दीक्षा देतात, एखादा बिल्ला देतात आणि त्या दिवसापासून त्याला भाऊ म्हणतात. कॉलेज सुटते, हे नाते सुटत नाही. पुढे नोकरीत, धंद्यात, राजकारणात ते उपयोगी पडते.

या प्रथेचा उगम ५ डिसेंबर १७७६ रोजी व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्ग गावी झाला. अमेरिकेने स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला त्याला तेव्हा पाच महिने झाले होते. विल्यम अँड मेरी कॉलेजातल्या काही विद्यार्थ्यांनी ‘फाय बीटा कॅपा’ नावाची मंडळी काढली. ही अक्षरे म्हणजे एका ग्रीक वचनाची आद्याक्षरे. ज्ञानाची आवड ही जीवनाची मार्गदर्शक, असा त्याचा अर्थ. त्यांनी चांदीचे एक पदक केले. त्यावर वर बोट दाखवणारा हात आणि तीन तारे कोरले. पुढे त्या पदकाला दांडी जोडली गेली, त्याची किल्ली झाली आणि त्या किल्लीने खिशातल्या घड्याळाला चावी देता येऊ लागली. गुप्त शपथ होती, हस्तांदोलनाची गुप्त रीत होती. १८३१ च्या सुमारास या मंडळीने गुप्तता सोडली आणि आज ती हुशार विद्यार्थ्यांचा गौरव करणारी संस्था म्हणून नांदत आहे. चांगली गोष्ट आहे. फक्त एवढेच ध्यानात ठेवायचे, की ज्या कॉलेजातली मुले ज्ञानाच्या नावाने बंधुत्वाची शपथ घेत होती, त्याच कॉलेजाच्या मालकीचे गुलाम तिथे राबत होते. तीन ताऱ्यांखालच्या त्या बंधुत्वात त्यांना जागा नव्हती.

एकोणिसाव्या शतकात ही प्रथा पसरली. १८२५ साली स्केनेक्टडी गावच्या युनियन कॉलेजात ‘कॅपा अल्फा’ निघाली, तिच्यामागून इतर निघाल्या. येलमध्ये १८३२ साली ‘स्कल अँड बोन्स’ निघाली. तिचे चिन्ह कवटी आणि हाडे. दरवर्षी पंधराच सभासद घ्यायचे, हा तिचा रिवाज. २००४ साली अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी जॉर्ज डब्ल्यू. बुश आणि जॉन केरी एकमेकांविरुद्ध उभे राहिले, तेव्हा ते दोघेही या पंधरा-पंधरांच्या मंडळीतलेच निघाले. कोट्यवधी लोकांच्या देशात निवड करायची ती एकाच ओसरीवरच्या दोन माणसांतून! ज्यांना हे पोरखेळ वाटतात, त्यांनी या एका गोष्टीचा विचार करावा. ज्या खेळातून सत्तेच्या चाव्या वाटल्या जातात, त्याला पोरखेळ म्हणणारा मनुष्य एक तर भाबडा असतो किंवा त्या ओसरीवरचाच असतो.

आता आपण न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी येऊ. तिथे १८६५ साली एझ्रा कॉर्नेल आणि अँड्र्यू डिक्सन व्हाइट यांनी कॉर्नेल विद्यापीठ स्थापन केले. कोणत्याही माणसाला कोणताही विषय शिकता यावा, हा त्यांचा संकल्प. संकल्प थोर होता आणि त्या काळच्या मानाने पुष्कळसा खराही होता. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना तिथे प्रवेश मिळे. पण प्रवेश मिळणे वेगळे आणि आपले म्हणून सामावून घेतले जाणे वेगळे. वर्गात बाक मिळे. पण गोऱ्यांच्या बंधुमंडळांचे दार बंद. एकत्र अभ्यास करणाऱ्या टोळक्यांत जागा नाही, मागच्या वर्षीच्या टिपणवह्या मिळत नाहीत, आजारी पडले तर विचारपूस करणारे कोणी नाही. बिऱ्हाड शोधायचे ते गावातल्या कृष्णवर्णीय कुटुंबांत. काहीजण फीसाठी गोऱ्या बंधुमंडळांच्याच घरांत वाढप्याचे काम करीत. ज्या पंगतीत बसता येत नाही, त्या पंगतीत वाढायचे!

१९०४-०५ चे शैक्षणिक वर्ष संपले आणि सहा कृष्णवर्णीय विद्यार्थी पुढच्या वर्षी कॉर्नेलला परत आलेच नाहीत. मास्तरांच्या भाषेत याला ‘गळती’ म्हणतात. हजेरीपटावर नावापुढे एक रेघ ओढायची, की झाले. सहा हा आकडा तुम्हांला लहान वाटेल. पण जिथे एकूण मुलेच बोटांवर मोजण्याएवढी, तिथे सहाजण जाणे म्हणजे घरातला खांब जाणे होय.

मागे राहिलेल्यांनी १९०५-०६ साली आपापसांत एकत्र बसून अभ्यास करायला आणि एकमेकांना धरून राहायला सुरुवात केली. मग त्यांच्यात वाद झाला. काहींचे म्हणणे, आपण वाङ्मयमंडळच राहावे. ग्रीक अक्षरांचा, दीक्षेचा खटाटोप कशाला? दुसऱ्यांचे म्हणणे, मंडळ आज आहे, उद्या नाही. टिकेल अशी गाठ बांधायची तर बंधुमंडळच हवे. अखेर ४ डिसेंबर १९०६ रोजी दुसऱ्या पक्षाचा निर्णय झाला आणि ‘अल्फा फाय अल्फा’ जन्माला आली. कृष्णवर्णीय कॉलेजकुमारांचे, एका कॉलेजापुरते न राहता अनेक कॉलेजांत पसरलेले आणि आजवर टिकलेले हे पहिले बंधुमंडळ. कॅलिस, चॅपमन, जोन्स, केली, मरी, ओगल आणि टँडी हे तिचे सात संस्थापक. सभासद त्यांना ‘सात रत्ने’ म्हणतात. यांतला कॅलिस पुढे डॉक्टर झाला, टँडी वास्तुशिल्पी झाला, केली इंजिनियर झाला. जोन्सने कृष्णवर्णीयांच्या नोकरी-निवाऱ्यासाठी झटणाऱ्या नॅशनल अर्बन लीगची धुरा वाहिली. मरी शिक्षक झाला, हे सांगताना मला जरा विशेष आनंद होतो. पुढच्याच वर्षी, १९०७ सालच्या डिसेंबरात, वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात आणि व्हर्जिनिया युनियन विद्यापीठात तिच्या शाखा निघाल्या.

या मंडळाची चिन्हे काय? नाव ग्रीक अक्षरांचे, रंग काळा आणि जुन्या सोन्याचा, आणि मुख्य चिन्ह इजिप्तमधल्या गिझाचा स्फिंक्स. सोबत पिरॅमिड. १९१४ पासून निघू लागलेल्या मुखपत्राचे नावही ‘द स्फिंक्स’. गोऱ्या बंधुमंडळांचे सारे चित्त ग्रीसच्या सुवर्णयुगात गुंतलेले. या सातजणांच्या वारसांनी नाव ग्रीसचे ठेवले आणि नजर आफ्रिकेकडे वळवली.

आता नकलेचा आरोप घेऊ. ग्रीक अक्षरे गोऱ्यांची म्हणजे कुणाची? ती काही व्हर्जिनियाच्या तंबाखूच्या मळ्यांत उगवलेली नव्हती. १७७६ सालच्या त्या इंग्रजी बोलणाऱ्या पोरांनी ती ग्रीकांकडून उसनी घेतली. ग्रीकांनी ती फिनिशियन व्यापाऱ्यांकडून घेतली होती. आणि फिनिशियन लिपीची मुळे विद्वान इजिप्तच्या चित्रलिपीपर्यंत नेऊन पोचवतात. मग अल्फा फाय अल्फाने एका बाजूला ग्रीक अक्षर आणि दुसऱ्या बाजूला इजिप्तचा स्फिंक्स ठेवला, यात नक्कल कोणती? उसनवारीच म्हणायची, तर सारेच उसनवार. मग एकट्या काळ्या विद्यार्थ्यालाच नक्कल्या का म्हणायचे? शिवाय ग्रीक भाषा हे या लोकांना नवलही नव्हते. विल्यम सँडर्स स्कारबरो हा जन्माने गुलाम असलेला मनुष्य. त्याने १८८१ साली ग्रीक भाषेचे पाठ्यपुस्तक लिहून छापले. ज्याला अक्षर शिकवणे हा त्याच्या गावी गुन्हा होता, त्याने ग्रीक शिकवण्याचे पुस्तक लिहावे! याला नक्कल म्हणणाऱ्याची जीभ कशाची केलेली आहे, ते पाहिले पाहिजे.

दुसरा आरोप अधिक सोवळा आहे. तो म्हणतो, ‘गोऱ्यांनी वेगळे मंडळ केले ते वाईट, मग काळ्यांनी वेगळे केले ते चांगले कसे? फूट ती फूटच.’ ऐकायला हा युक्तिवाद तराजूसारखा वाटतो. पण त्याच्या एका पारड्याखाली बोट असते. घरातल्यांनी आतून कडी लावणे आणि बाहेर पावसात राहिलेल्यांनी चार बांबू रोवून छप्पर करणे, या दोन क्रिया एक नव्हेत. कोण कुणाला अडवीत होते, याचा पुरावा सालवार आहे. अल्फा फाय अल्फाने १९४५ साली वंशाची अट काढून टाकून आपले दार सर्वांना उघडे केले. त्यानंतर तीन वर्षांनी, १९४८ साली, ॲमहर्स्ट कॉलेजातल्या ‘फाय कॅपा साय’ या गोऱ्या मंडळाच्या शाखेने एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला घ्यायचे ठरवले, तेव्हा मध्यवर्ती मंडळाने त्या शाखेलाच काढून टाकले. १९६५ साली स्टॅनफर्डमध्ये ‘सिग्मा काय’च्या शाखेने तसेच केले, आणि मध्यवर्ती मंडळाने तिला निलंबित केले. छपराखालचे लोक ‘या’ म्हणत होते आणि वाड्यातले आपल्याच पोरांना बाहेर काढीत होते. फूट कुणी पाडली, ते वाचकांनी ठरवावे.

आणि त्या छपराखाली काय घडले? १९२० च्या सुमारास या मंडळाने ‘हायस्कुलात जा, कॉलेजात जा’ अशी चळवळ सुरू केली. मेरीलँड विद्यापीठाचे कायदेकॉलेज कृष्णवर्णीयांना घेत नव्हते. डोनाल्ड मरी नावाच्या तरुणाला तिथे प्रवेश मिळावा म्हणून या मंडळाने पुढाकार घेतला, आणि चार्ल्स ह्यूस्टन व थर्गुड मार्शल या आपल्याच दोन भावांच्या वकिलीने तो खटला १९३६ साली वरच्या कोर्टातही जिंकला. आगगाडीच्या जेवणाच्या डब्यात काळ्यांना पडद्यामागे बसवीत. त्याविरुद्धचा हेंडरसनचा खटला बेलफर्ड लॉसन या भावाने सर्वोच्च न्यायालयात लढवला आणि १९५० साली तो पडदा खाली आला. १९३६ साली बर्लिनमध्ये हिटलरच्या डोळ्यांदेखत चार सुवर्णपदके घेणारा जेसी ओवेन्स याच मंडळाचा. १९५२ साली बोस्टनला डॉक्टरेटचा अभ्यास करताना मार्टिन ल्यूथर किंग याच मंडळात आले. तेच किंग १९५९ साली भारतात आले आणि मुंबईत मणिभवनात उतरले. वॉशिंग्टनला त्यांचे जे स्मारक २०११ साली उघडले, ते उभारण्याचा खटाटोप याच मंडळाने केला. अमेरिकेच्या काँग्रेसची त्यासाठी १९९६ सालीच संमती मिळवली होती.

मराठी वाचकाला आणखी एक धागा सांगितलाच पाहिजे. या मंडळाचे एक सभासद डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना पत्र लिहिले. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची स्थिती आणि इथल्या अस्पृश्यांची स्थिती यांत इतके साम्य आहे, की त्यांच्या प्रश्नाचा अभ्यास आवश्यक ठरतो, असे बाबासाहेबांनी त्यात कळवले आणि संयुक्त राष्ट्रांकडे कृष्णवर्णीयांनी केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. ड्यू बॉइस यांनी त्याच जुलैच्या अखेरीस सहानुभूतीचे उत्तर पाठवले. दोन खंडांतली दोन बंद दारे, आणि ती ठोठावणाऱ्या दोन माणसांनी एकमेकांचा आवाज ओळखला. ज्यांना हा विषय परका वाटतो, त्यांनी हे पत्र आठवावे.

इथवर मी या मंडळाची बाजू मांडली. इथेच थांबलो असतो, तर लेख गोड झाला असता. पण ज्या वकिलाला आपल्या अशिलाचा दोष दिसत नाही, तो वकील नव्हे, भाट होय.

१९८९ साली अटलांटाच्या मोरहाउस कॉलेजात एक अठरा वर्षांचा मुलगा या अल्फा फाय अल्फात येऊ पाहत होता. होणाऱ्या भावांनी एका बैठकीत त्याला मारले, आणि तो मेला. मार्टिन ल्यूथर किंग ज्या कॉलेजात शिकले, तेच हे कॉलेज! आपल्याकडे ज्याला रॅगिंग म्हणतात, त्याला तिकडे ‘हेझिंग’ म्हणतात. नव्या उमेदवारांना रात्र-रात्र जागवायचे, मंडळाचा इतिहास घोकायला लावायचा, चुकला की लाकडी फळीने बडवायचे. पुढच्याच वर्षी, १९९० साली, कृष्णवर्णीयांच्या सर्व प्रमुख बंधुमंडळांनी आणि भगिनीमंडळांनी मिळून उमेदवारीचा तो सारा काळच रद्द केला. पुढाऱ्यांनी बंदी घातली, हे त्यांना भूषणावह आहे. पण फळी जमिनीवरून उठली आणि तळघरात गेली. ती अजून पुरती मोडलेली नाही.

हा रोग एकट्या काळ्या मंडळांचा आहे, असे समजून कोणी गालातल्या गालात हसू नये. त्याच इथाकात, त्याच कॉर्नेलमध्ये, १८७३ साली, एका गोऱ्या मंडळाच्या दीक्षाविधीत नवा विद्यार्थी रात्री घळीत पडून मेला होता. तेव्हा आपल्या सात संस्थापकांचे मंडळ जन्मलेही नव्हते. तेव्हापासून आजपर्यंत गोऱ्या मंडळांत किती मुले दारू पाजून, पळवून, बडवून मारली गेली, याची यादी लांबलचक आहे. २०२४ च्या डिसेंबरात अमेरिकेला अखेर देशभराचा कायदा करावा लागला, की प्रत्येक कॉलेजाने असल्या प्रकारांची नोंद ठेवून ती जाहीर केली पाहिजे. आणि आपणही नाक वर करायचे कारण नाही. १९९९ साली महाराष्ट्राला रॅगिंगविरुद्ध कायदा करावा लागला, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद ठेवावी लागली. कायदे उगाच होत नाहीत.

आता त्या तिसऱ्या जातीकडे, म्हणजे काठीच्या भक्तांकडे वळू. त्यांची तीन समर्थने आहेत.

पहिले, ‘ही परंपरा आहे.’ मी विचारतो, कुणाची? ज्या सात रत्नांची नावे तुम्ही त्या पोरांकडून मार देऊन पाठ करून घेता, त्या सातांना कुणी बडवले होते? त्यांच्या आधी मंडळच नव्हते; त्यांना बडवायला वरचा भाऊ आणणार कुठून? मार खाल्ल्याशिवाय भाऊ होता येत नाही, हे जर खरे, तर तुमचे संस्थापक तुमचे भाऊ नव्हेत. आणि ते जर भाऊ असतील, तर काठीशिवाय भाऊ होता येते, हे सिद्ध झाले. यातून सुटायला तिसरी वाट नाही.

दुसरे, ‘पोरे स्वखुशीने येतात.’ स्वखुशी! घरापासून शेकडो मैलांवर, अनोळखी गावात, अठरा वर्षांचे पोर. त्याला सांगितलेले असते, की हे दार उघडले तर जन्माचे भाऊ मिळतील, नाही तर एकटा पडशील. त्याच्या ‘हो’ची किंमत काय? खुशी खरी असेल, तर दिवसाउजेडी, आईबापांसमोर विचारा आणि बडवा. तळघराची आणि मध्यरात्रीची गरज का पडते? ज्याला अंधार लागतो, त्याला संमती म्हणत नाहीत.

तिसरे समर्थन सर्वांत बळकट आहे. ‘एकत्र सोसल्याने नाते घट्ट होते.’ हे खरे आहे, आणि म्हणूनच फसवे आहे. १९०६ सालचे ते सातजण एकत्र सोसूनच भाऊ झाले. पण त्यांना जे सोसावे लागले, ते जगाने दिलेले होते. एकाचे ओझे दुसऱ्याने खांद्यावर घेतले, म्हणून नाते झाले. तुम्ही ओझे घेत नाही. तुम्ही ते पाठीवर लादता आणि त्याला प्रेम म्हणता. दुःख वाटून घेणारा भाऊ आणि दुःख देणारा मुकादम यांत फरक आहे की नाही? आणि पाठ कुणाची? ज्यांच्या आज्या-पणज्यांच्या पाठीवर चाबकाचे वळ होते, त्यांच्याच नातवाची. तो चाबूक हातातून सुटावा म्हणून एका पिढीने प्राण दिले, आणि नातवांनी तीच फळी परंपरा म्हणून भिंतीवर टांगावी! बाहेरच्या कोणा शत्रूलाही याहून क्रूर थट्टा सुचली नसती.

माझ्या धंद्यातला एक अनुभव इथे कामाचा आहे. पाचवीत ज्या पोराला वरच्या वर्गातल्यांनी चिमटे काढलेले असतात, ते पोर सातवीत गेले, की पुष्कळदा पाचवीतल्या नव्या पोराला चिमटे काढते. आपल्याला दुखले होते, हे ते विसरलेले नसते. उलट ते आठवूनच काढते. दुखण्याची वसुली करायला त्याला कुणीतरी लहान हवे असते. याला वर्गात आम्ही खोडी म्हणतो आणि वेळीच मोडून काढतो. हीच खोडी वीस वर्षांच्या पोरांनी ग्रीक नावाने केली, की तिला ‘संस्कार’ म्हणायचे, हे मला मान्य नाही.

मुळात हा सारा प्रकार त्या चिन्हाच्याच विरुद्ध आहे, आणि हे भक्तांच्या ध्यानात कसे येत नाही, याचे मला नवल वाटते. स्फिंक्स दोन आहेत. एक ग्रीक कथेतला, थीब्ज नगरीच्या वाटेवर बसलेला. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला कोडे घाली आणि ज्याला उत्तर येत नसे, त्याला ठार करी. दुसरा इजिप्तमधला, गिझाचा. माणसाचे डोके, सिंहाचे धड, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी तिथल्याच चुनखडीच्या खडकातून कोरून काढलेला, सत्तर मीटरांहून अधिक लांब. तो कुणाला कोडे घालीत नाही, कुणाला मारीत नाही. तो राखण करतो. अल्फा फाय अल्फाने ग्रीक कथेतला मारणारा स्फिंक्स सोडून इजिप्तचा राखणारा स्फिंक्स निवडला. दगडांवर दगड न रचता तो एकाच खडकातून घडवला आहे. सगळे भाऊ मिळून एक देह, हा त्याचा अर्थ. आणि आता तळघरात काय चालते? पोराला प्रश्न विचारायचा आणि उत्तर चुकले की मारायचे. म्हणजे निवडला गिझाचा, आणि पुजला थीब्जचा! काठी हाती घेणारा प्रत्येक ‘भाऊ’ आपल्याच चिन्हाला तडा घालतो. कारण एकाच दगडातल्या एका भागाने दुसऱ्यावर घाव घातला, तर फुटतो तो सगळा दगड.

आपल्याकडे वारकरी गळ्यात तुळशीची माळ घालतो, तेव्हा तोही एका बंधुमंडळात जातो. त्यालाही दीक्षा असते, नियम असतात, चिन्ह असते. पण माळ घालताना कुणी त्याला बडवीत नाही. उलट, वारीच्या वाटेवर जुना वारकरी नव्याच्या पायांवर डोके ठेवतो आणि नवा जुन्याच्या. भाऊ करून घेण्याची ही रीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना फळीचे तत्त्वज्ञान कुणी शिकवू नये.

तेव्हा नक्कल म्हणणाऱ्यांना आणि पोरखेळ म्हणणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच, की दार बंद असताना ज्यांनी स्वतःचे घर बांधले, त्यांच्या घरावरच्या चिन्हाला हसू नका. आणि काठीवाल्यांना सांगणे असे, की ते घर तुमचे नाही; ते त्या सातांचे आहे, आणि न परतलेल्या त्या सहांचेही आहे. कुणी गळू नये म्हणून ते बांधले गेले. ज्या मंडळाच्या दारात एक पोर मेले, ते मंडळ आपल्या जन्माच्या कारणालाच विसरले.

राहता राहिले आपण, घरी फराळाला बसलेले आईबाप. तुमचा मुलगा किंवा मुलगी दूर देशी शिकायला गेली असेल आणि फोनवर सांगत असेल, की अमक्या मंडळाने बोलावले आहे, तर लगेच ‘नको’ म्हणू नका. परक्या मुलखात भावाची गरज असते. फक्त तीन गोष्टी विचारा. या मंडळाने गेल्या वर्षी कुणासाठी काय केले? आत जाण्यासाठी जे करावे लागते, ते मला सांगता येईल का? आणि मधेच ‘मी येत नाही’ म्हटले, तर ते लोक उद्या तुझ्याशी बोलतील का? पहिल्याचे उत्तर मिळाले आणि पुढच्या दोहोंचे उत्तर ‘हो’ आले, तर त्याला आनंदाने जाऊ द्या. दुसऱ्या प्रश्नावर पोर गप्प झाले, तर फोन खाली ठेवू नका. ते बोलेपर्यंत बोलत राहा.